वाचक विचारतात : डोक्यात गेलंय म्हणतात, आता काय?

दिवाळी अंकात स्तनाच्या कर्करोगावर लिहिलं, तेव्हापासून येणाऱ्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा दिसतंय : ‘आता डोक्यात गेलंय म्हणतात.’ म्हणजे कर्करोग मेंदूत पसरलाय. लातुरात शेकाचं काम करायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. (रेडिएशनला आपल्याकडे कुणी शेक म्हणतं, कुणी लाइट, कुणी करंट. मला शेक आवडतो, बाळंतिणीच्या खोलीतला वाटतो.) हे वाक्य बोलणारा माणूस खाली बघून बोलतो, आणि शेवटचं ‘म्हणतात’ सोडत नाही. कोण म्हणतं ते विचारलं की कधी कंपाउंडर निघतो, कधी एमआरआय सेंटरमधला मुलगा, कधी खरोखरच डॉक्टर. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून चारच पत्रं घेतली आहेत. नावं काढलीत, ओळखीच्या खुणा बदलल्यात.

जमीन विकू का?

‘मॅडम, आमचं गाव केज तालुक्यात. आई ५२ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिच्या स्तनाची गाठ काढली, केमो झाले, शेक झाले, वर्षभर इंजेक्शनं चालली. कागदावर हर-टू पॉझिटिव्ह लिहिलंय. दिवाळीपासून ती सकाळी उठली की डोकं धरून बसायची. आम्ही पित्ताची गोळी देत राहिलो. उलटी झाली की तिला जरा बरं वाटायचं, म्हणून पित्तच वाटलं. संक्रांतीला ववसायला गेली तर डाव्या हातातलं सुगड निसटून पडलं. आठ दिवसांनी फिट आली. शेजाऱ्यांनी दातखिळी उघडायला उलथनं घातलं, त्यात पुढचा दात पडला. एमआरआयमध्ये तीन गाठी निघाल्या, मोठी अडीच सेंटीमीटरची. एक डॉक्टर म्हणाले, आता काही राहिलं नाही, घरी सेवा करा. दुसरे म्हणाले ऑपरेशन करा. भावकी म्हणतेय दोन एकर विका आणि मुंबईला न्या. आईला आता ब्रेन कॅन्सर झालाय का? जमीन विकू का?’

दादा, जमीन विकू नका. निदान या महिन्यात तरी नको. बाकीचं बोलून झालं की जमिनीकडे परत येते.

आईला ब्रेन कॅन्सर झालेला नाही. तिच्या डोक्यात आहेत त्या स्तनाच्याच कर्करोगाच्या पेशी, रक्तातून वर गेलेल्या. गाजरगवताचं बी वाऱ्यानं कापसाच्या रानात पडलं तरी उगवतं ते गाजरगवतच. हा शब्दांचा खेळ नाही, औषध त्यावरच ठरतं. फुप्फुसातून गेलेल्या गाठीचं औषध वेगळं, किडनीतून गेलेलीचं वेगळं. त्यामुळे कुठल्याही डॉक्टरपुढे बसलात की एमआरआयच्या फिल्मआधी तीन वर्षांपूर्वीचा बायोप्सीचा कागद ठेवा. हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे, आणि त्यावर नेम धरणारी औषधं आहेत. तो ‘हर-टू पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद आज तुमच्या घरातला सगळ्यात किमती कागद आहे. सातबाऱ्याहूनही.

मग वर्षभराची इंजेक्शनं वाया गेली का? तसं नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत शरीरातल्या बाकी वाहिन्यांपेक्षा घट्ट विणलेली असते. १८८५ मध्ये पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने जनावरांच्या रक्तात रंग सोडून पाहिला, तर सगळे अवयव रंगले आणि मेंदू तेवढा कोरा राहिला. तुमच्या आईला वर्षभर दिलेलं हर-टूवरचं इंजेक्शन म्हणजे ट्रास्टुझुमॅब, त्याचा रेणू चांगलाच मोठा असतो. तो मानेखालचा आजार धरून ठेवतो, पण या भिंतीतून नीटसा आत जात नाही. म्हणून हर-टूवाल्या काही बायांचं अंग साफ असतं आणि डोक्यात मात्र गाठी निघतात. यात इंजेक्शनाचा दोष नाही, आणि पित्ताची गोळी देणाऱ्या मुलाचा तर नाहीच. मराठवाड्यात डोकं दुखलं की पित्त. माझी आईही हेच म्हणायची, मीही तिला तीच गोळी द्यायची.

तरी बाकी वाचकांसाठी लिहून ठेवते. कवटी म्हणजे झाकण न उघडणारा डबा. आत गाठीभोवती सूज आली की पसरायला जागा नसते. रात्रभर आडवं पडल्यावर दाब वाढतो, म्हणून दुखणं पहाटे किंवा सकाळी जास्त असतं, उलटीही तेव्हाच होते. कर्करोगावर उपचार झालेल्या माणसाचं डोकं असं नव्यानं दुखायला लागलं, हातातली वस्तू सुटायला लागली, बोलताना शब्द अडायला लागले, फिट आली, तर कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन केलेला एमआरआय लागतो. साध्या सीटी स्कॅनवर लहान गाठी सुटतात.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, मान मोकळी ठेवा, घड्याळ बघा. तोंडात काहीही घालायचं नाही. उलथनं नाही, चमचा नाही, पाणीसुद्धा नाही. नाकाला कांदा आणि चप्पल लावून काही होत नाही. पाच मिनिटांवर गेली तर सरळ गाडीत घाला आणि निघा. फिट थांबवायला मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा मिळतो, तो डॉक्टरांकडून लिहून घेऊन घरात ठेवा. आणि काही महिने आईला चुलीपुढं, विहिरीवर, जनावरांच्या खुंट्याजवळ एकटं सोडू नका.

आता उपचार. पहिले दोन दिवस डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे. त्यानं गाठ जात नाही, भोवतालची सूज उतरते. एका-दोन दिवसांत आई उठून बसेल, हातात जोर येईल, आणि घरच्यांना वाटेल की झालं बरं. इथं बरीच कुटुंबं थांबतात. थांबू नका, ही उसनी घेतलेली सवड आहे. फिट येऊन गेलीय म्हणून तिचं औषध सुरू राहील. बहुतेक ठिकाणी लेव्हेटिरासेटाम देतात. (ज्यांना फिट कधी आलीच नाही त्यांना ‘खबरदारी म्हणून’ हे औषध लागत नाही.)

पुढचा प्रश्न, तीन गाठींचं काय करायचं. दुसरे डॉक्टर ऑपरेशन म्हणाले ते उगाच नाही. एकच मोठी गाठ असेल, दाबत असेल, हात पोचेल अशा जागी असेल, तर काढणं उत्तम. १९९० मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध चाचणीत एकच गाठ असलेल्या रुग्णांची तुलना केली होती. नुसते शेक घेतलेले सरासरी १५ आठवडे जगले, गाठ काढून मग शेक घेतलेले ४० आठवडे. पण तुमच्या आईच्या गाठी तीन आहेत, तीन जागी आहेत आणि तिन्ही तीन सेंटीमीटरच्या आत. अशा वेळी मी आधी रेडिओसर्जरीचं विचारेन. नावात सर्जरी आहे, सुरी नाही. डोकं जागचं हलणार नाही असं धरून, चहूबाजूंनी बारीक किरणं एकाच ठिपक्यावर आणायची. गाठीवर मोठा डोस पडतो, शेजारचा मेंदू बराचसा वाचतो. ही कल्पना स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांची, १९५१ ची. आता ‘गॅमा नाइफ’ नावाचं खास यंत्र नसलं तरी चांगल्या लिनॅक मशीनवर, म्हणजे शेकाच्या नेहमीच्या यंत्रावर, हेच काम होतं, एका बैठकीत नाहीतर तीन-पाच बैठकांत. माणूस संध्याकाळी घरी. मात्र नंतर दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय चुकवायचा नाही. नवी गाठ दुसरीकडे उगवू शकते. कधी शेक दिलेली जुनी गाठच काही महिन्यांनी फुगलेली दिसते आणि ती आजार नसून मेलेला भाग असतो. ते ओळखायला आधीच्या सगळ्या फिल्म लागतात. तेव्हा फिल्म जपा, गादीखाली घालू नका.

सगळ्या मेंदूला शेक द्यायचा दहा दिवसांचा प्रकारही आहे. गाठी फार असतील तर तोच करावा लागतो. त्यात केस जातात, महिना-दीड महिना थकवा राहतो आणि पुढं विसरायला होतं. तीन गाठींसाठी मी लगेच तिकडे वळणार नाही.

शेकाच्या वेळी डोकं हलू नये म्हणून घालायच्या मास्कबद्दल सांगायलाच हवं, कारण बाया त्याला गाठीपेक्षा जास्त भितात. पांढऱ्या प्लास्टिकची जाळी असते, पापडाच्या लाटीसारखी सपाट. ती गरम पाण्यात मऊ करायची आणि ओलीच चेहऱ्यावर ओढून टेबलाला अडकवायची. ऊबदार फडकं तोंडावर टाकल्यासारखं वाटतं. पाच-दहा मिनिटांत ती नाकाडोळ्यांचा आकार घेऊन घट्ट होते. डोळे मिटलेले ठेवायचे, श्वास जाळीतून येतो, हात वर केला की आम्ही आत येतो. मशीन सुरू झालं की काही लागत नाही, भाजत नाही. आमच्या मास्क ठेवायच्या फडताळात प्रत्येक जाळीवर नावाची पट्टी असते, पण तंत्रज्ञ पोरं बायांचे मास्क पट्टी न वाचता ओळखतात. कपाळाच्या जागी आतून कुंकू लागलेलं असतं. कुणाचं आडवं, कुणाचं ठिपका.

शेक झाल्यावर औषधाचं. मानेखालच्या तपासण्या साफ आल्या, तर नवं काही सुरू न करता पहिलीच इंजेक्शनं देता येतात. खालीही आजार दिसला, तर मेंदूत बऱ्यापैकी पोचणारी औषधं आहेत. लॅपॅटिनिब आणि कॅपेसिटाबिन या गोळ्यांची जुनी जोडी आहे. टुकाटिनिब आणि ट्रास्टुझुमॅब-डेरक्स्टिकॅन ही नवी आहेत आणि महाग आहेत. यातल्या डेरक्स्टिकॅनवरचं सीमाशुल्क २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात माफ झालं, तरी सामान्य घराला ते झेपत नाही. कुणी ‘हेच द्या, नाहीतर काही खरं नाही’ म्हणालं तर उठून या आणि दुसरीकडे विचारा.

आई मुळापासून बरी होईल का? नाही होणार. ते तुमच्यापासून लपवत नाही. पण ‘काही राहिलं नाही’ हेही खरं नाही. हर-टूवाल्या, हिंडत्याफिरत्या, तीन गाठींच्या बाईला नीट उपचार मिळाले तर हिशेब महिन्यांवरून वर्षांवर जाऊ शकतो.

आता जमीन. रेशनकार्ड आणि आधार घ्या आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी जा. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पांढऱ्या कार्डावरही ती पूर्वीपासून होती, कारण शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत आपले सगळे जिल्हे होते. अशी सवलत मिळायचं कारणही कसं, बघा. आता तर ती सगळ्याच कार्डांना खुली झालीय. संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, तुम्हाला जवळ म्हणाल तर बार्शी आहे. तिथं विचारा की रेडिओसर्जरी तुमच्याकडे होते का, नसेल तर कुठं पाठवता, आणि ती योजनेत बसते का. परळच्या टाटाला जावं लागलंच तर रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं लागत नाही, सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यायचा. हे सगळं करून मग पैसे कमी पडले तर जमिनीचं बोलू. आणि विकायची वेळ आलीच तर आईला विचारून विका. माझ्यासमोर एकदा एक म्हातारी मास्क बांधून घेताना म्हणाली होती, ‘माझं डोकं राहू द्या, रान इकायलेत पोरं, त्याला काय औषध हाय का?’

दहा दिवस शेकाला न्यायचं का?

‘मी परभणी जिल्ह्यातली. मामंजी ७१ वर्षांचे, फुप्फुसाचा कर्करोग. मेंदूत दहा-बारा गाठी आहेत. महिन्यापासून अंथरुणावर आहेत, कधी ओळखतात कधी नाही. शहरात दहा दिवस रोज शेक सांगितलेत. जाऊन येऊन १८० किलोमीटर. धाकटे दीर पुण्याला असतात, ते फोनवर म्हणतात पैशाकडे बघू नका, सगळं करा. मामंजींना उचलून गाडीत घालताना ते ओरडतात. करणारी मी एकटी आहे.’

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. शेवटचं वाक्य तर जास्तच वेळा.

नेमक्या अशाच रुग्णांवर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात एक मोठी चाचणी झाली, २०१६ मध्ये ती छापून आली. फुप्फुसाचा कर्करोग मेंदूत गेलेले, ऑपरेशन किंवा रेडिओसर्जरी न जमणारे ५३८ रुग्ण. निम्म्यांना सगळ्या मेंदूचे शेक आणि स्टेरॉइड, निम्म्यांना शेकाशिवाय स्टेरॉइड आणि सेवा. पहिले सरासरी ९.२ आठवडे जगले, दुसरे ८.५. जगण्याच्या दर्जातही सांगण्यासारखा फरक पडला नाही. शेक देणं हा माझा धंदा आहे, तरी सांगते, तुमच्या मामंजींच्या आजच्या अवस्थेत मी त्यांना रोज १८० किलोमीटर आणणार नाही.

पण एक गोष्ट तपासल्याशिवाय हा निर्णय घेऊ नका. त्यांच्या बायोप्सीवर ईजीएफआर आणि एएलके या तपासण्या, म्हणजे गाठीच्या जनुकांतले बदल शोधणाऱ्या, झाल्यात का? आपल्याकडे फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारच्या कर्करोगात साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत ईजीएफआरचा बदल सापडतो. तो असेल तर रोजची एक गोळी, घरी, पाण्याबरोबर. आणि ऑसिमर्टिनिबसारखी गोळी मेंदूतही पोचते. अंथरुणावर पडलेला माणूस अशा गोळीनं उठून बसलेला मी पाहिलाय. बायोप्सीचा तुकडा उरला नसेल तर रक्तातूनही तपास होतो.

हे मी शहाणपणानं सांगतेय असं समजू नका, चुकून शिकलेय. २०१३ मध्ये औसा तालुक्यातल्या एका पोस्टमनच्या घरच्यांना मी स्वतः सांगितलं होतं, डोक्यात गेलंय, घरी न्या. गाठी खूप होत्या, ओपीडी भरलेली होती, मी वर मान करूनही पाहिलं नसेल. त्याचा भाचा जिद्दीचा. त्यानं बायोप्सीचा ब्लॉक मुंबईला नेला, ईजीएफआर निघालं. चौदा महिन्यांनी, थंडीत, तो पोस्टमन चालत आला आणि माझ्या टेबलावर हुरड्याची पिशवी ठेवली. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानंतरही तो वर्षभर होता.

मामंजींचा अहवाल निगेटिव्ह आला तर मग घर हाच दवाखाना. स्टेरॉइड चालू ठेवा, पण दोन आठवड्यांत काही फरक दिसला नाही तर डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. दुखत असेल तर मॉर्फिन मागा. लोक त्याला घाबरतात, कारण नसताना. मॉर्फिनबरोबर पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून द्या, नाहीतर पोट साफ न होण्याचाच त्रास जास्त होतो. दर दोन-तीन तासांनी कूस बदला. गिळताना ठसका लागत असेल तर पाणी बंद करून पेजेसारखं दाटसर द्या, डोकं वर उचलून.

आणि दिरांना सांगा, सगळं करायचंच आहे ना, मग आठ दिवस रजा काढून या आणि रात्रीची पाळी धरा. लांबच्या लेकराचं दुःख खोटं नसतं, पण ते फोनवरून आलं की खर्चाच्या रूपात येतं. पत्र त्यांना दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा, शिव्या मला बसू देत.

स्टेरॉइडनं साखर ४०० झाली, बंद केलं तर चालेल का?

(जालना जिल्ह्यातून, वडिलांसाठी विचारलंय. गावातल्या मेडिकलवाल्यानं ‘हे विष आहे, आजच थांबवा’ म्हणून सांगितलं.)

अजिबात नाही. काही आठवडे घेतल्यावर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड एकदम तोडलं तर मेंदूची सूज उलटून येते. शिवाय शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, माणूस गळून पडतो, रक्तदाब उतरतो. कमी करायचं ते पायरीपायरीनं, आणि त्या पायऱ्या कागदावर लिहून घ्यायच्या.

साखरेसाठी औषध किंवा इन्सुलिन वाढवून मिळेल. फक्त एक लक्षात घ्या, सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडची साखर दुपारनंतर चढते. उपाशीपोटी १२० दिसली म्हणून निर्धास्त राहू नका, संध्याकाळच्या जेवणाआधी तपासा. गोळी सकाळी भाकरी खाऊन घ्यायची. दुसरी असेल तर दुपारपर्यंत, रात्री कधीच नाही. रात्री घेतली की माणूस पहाटे तीनला उठून ट्रंका आवरायला लागतो आणि घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. जिभेवर साईसारखा पांढरा थर आला तर ती बुरशी आहे, तिला औषध आहे. मांड्या ढिल्या पडून पाटावरून उठता येईनासं झालं, तर तो अशक्तपणा नसून बहुधा स्टेरॉइडच. डोस कमी करता येईल का ते विचारा. मेडिकलवाल्याला माझा नमस्कार सांगा.

मला कुणी काही सांगत नाही

‘मी ३९ वर्षांची, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, नांदेड जिल्हा. बिडी-सिगारेट कधी पाहिली नाही, तरी फुप्फुसाचा कर्करोग. एएलके पॉझिटिव्ह. सुरुवातीलाच एक फिट आली, तेव्हा मेंदूतल्या चार गाठी कळल्या. पाच महिन्यांपासून लॉर्लाटिनिबची गोळी घेतेय. मिस्टर म्हणतात गाठी कमी झाल्यात, पण रिपोर्ट दाखवत नाहीत. पाकीट कपाटात वरच्या कप्प्यात असतं. हल्ली मला शब्द सापडत नाहीत. फळ्यावर ‘अपूर्णांक’ लिहिताना अडले. वर्गात मुलांवर ओरडते, घरी येऊन रडते. म्हणजे डोक्यातलं वाढलंय आणि मला सांगत नाहीत, असंच ना? आणि स्कूटीवर शाळेत जाऊ का? ११ किलोमीटर आहे.’

बाई, पहिल्यांदा ‘अपूर्णांक’चं. लॉर्लाटिनिब मेंदूत फार चांगलं पोचतं, तिचं मोठेपण तेच, आणि त्रासही तिथलाच. शब्द न सापडणं, विसरणं, एकदम चिडणं, रडू येणं, हे या गोळीचे ओळखीचे परिणाम आहेत. तुमच्या डॉक्टरांना नेमकं हेच सांगा, जसं मला लिहिलंत तसं. चार-आठ दिवस गोळी थांबवून डोस उतरवला की बऱ्याच जणांत हे निवळतं, आणि आजारावरची पकड सुटत नाही. पण स्वतःच्या मनानं थांबवू नका. कोलेस्टेरॉल तपासलंय का तेही विचारा, ही गोळी ते हमखास वाढवते. गाठी वाढल्यामुळेही असं होऊ शकतं, म्हणून एमआरआय बघायचाच. पण पाच महिन्यांत, हिंडत्याफिरत्या बाईत, आधी माझा संशय गोळीवर.

तुमच्या मिस्टरांनी रिपोर्ट लपवला, त्यात बहुधा वाईट बातमी नसेलच. चांगली बातमीसुद्धा माणसं लपवतात, ‘मेंदू’ हा शब्द बायकोच्या डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून. लपवल्यानं मात्र तुम्ही रोज त्या वरच्या कप्प्याकडे बघताय. तुमच्याच गोळीवर झालेल्या मोठ्या चाचणीत पहिल्यापासून ती घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांनंतरही साधारण ६० टक्के लोकांचा आजार पुढं सरकलेला नव्हता. पाच वर्षं म्हणजे तुमचा आजचा पहिलीचा वर्ग पाचवी पास होऊन जाईल. इतक्या दिवसांचा कारभार पाकीट लपवून चालत नाही.

स्कूटी नाही. फिट येऊन गेलीय, तेव्हा निदान वर्षभर तरी नाही, आणि पुढंही डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही. ११ किलोमीटर एसटीनं जा, नाहीतर शाळेतल्या कुणाच्या मागे बसा. मुख्याध्यापकांना आणि वर्गातल्या दोन मोठ्या मुलींना फिट आल्यावर काय करायचं ते दाखवून ठेवा, वर केजच्या दादांना लिहिलंय तेच. पोरी आपल्यापेक्षा शांत राहतात, असा माझा अनुभव आहे. गोळी चुकू नये म्हणून हजेरीपटाशेजारी डबी ठेवू नका, घरी ठरल्या वेळी घ्या.

पुढचा एमआरआय कधी आहे ते तुम्ही स्वतः डॉक्टरांना विचारा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा, मिस्टरांना दिसेल असं. रिपोर्टचं पाकीट त्या दिवशी तुम्ही फोडा. त्यांना शेजारी बसवा, चहा आधी टाकून ठेवा. वाचताना एखाद्या शब्दाला अडलात तर त्यांना वाचू द्या.